मालक नसलेल्या बाजारातले पहिले पान

बिस्क नावाच्या मंचावर बिटकॉइन विकत घेणाऱ्या नवख्याला सुरुवातीच्या वर्षांत एक ठळक सूचना असे: विक्रेत्याच्या बँक खात्यात पैसे पाठवताना ‘कशासाठी’ या रकान्यात व्यवहाराचा क्रमांक आठवणीने लिहावा, म्हणजे पैसे कोणत्या सौद्याचे ते त्याला कळेल. पुढे त्याच जागी नेमकी उलटी सूचना आली. रकाना कोरा ठेवा. व्यवहाराचा क्रमांक, ‘बिटकॉइन’, ‘बीटीसी’, ‘बिस्क’ यांपैकी काहीही लिहू नका. मधल्या काळात बिटकॉइनचे गणित बदललेले नव्हते. बदलल्या होत्या बँका. असे शब्द दिसले की हस्तांतर अडवायचे, खातेदाराकडे खुलासा मागायचा, प्रसंगी खातेच बंद करायचे, अशी त्यांची रीत होऊ लागली होती. म्हणजे ज्याने जुने पान वाचले आणि ते इमानाने पाळले, त्याचेच पैसे अडकण्याची शक्यता अधिक. माणसामाणसांत थेट चालणाऱ्या या ‘पीटूपी’ व्यापाराचा इतिहास सहसा भावाच्या चढउतारांतून किंवा मोठ्या चोऱ्यांतून सांगितला जातो. माझ्या मते तो नवख्यांसाठी लिहिलेल्या सूचनांतून आणि त्यांच्या दुरुस्त्यांतून अधिक खरा कळतो. ज्या बाजाराला मालक नाही, गल्ला नाही, तक्रार ऐकायला व्यवस्थापक नाही, तिथे मालकाचे बरेचसे काम ते पहिले पानच करत असते. म्हणून ते पान अद्ययावत ठेवणे हे कारकुनी काम नाही, बाजार चालवण्याचाच तो एक भाग आहे.

सुरुवात पाहिली तर पान नव्हतेच, कारण त्याची गरज असणारा माणूसच बाजारात आलेला नव्हता. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ या नावाने वावरणाऱ्या एकाने विजेच्या खर्चावरून हिशेब मांडून एका डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन असा दर जाहीर केला. त्याच महिन्यात फिनलंडच्या मार्टी माल्मी याने त्याला ५,०५० बिटकॉइन ५.०२ डॉलरला विकले आणि पैसे पेपॅलवरून घेतले. डॉलरच्या बदल्यात बिटकॉइन दिल्याची ही पहिली ज्ञात नोंद. दोघेही एकाच छोट्या वर्तुळातले, दोघांनाही हे चलन चालावे अशी इच्छा. तिथे फसवणुकीचा प्रश्न नव्हता आणि समजावून सांगण्यासारखेही काही नव्हते. मार्च २०१० मध्ये ‘बिटकॉइन मार्केट’ सुरू झाले तेव्हा तिथेही पैसे पेपॅलवरूनच जात. अनोळखी माणसे आली आणि या व्यापाराचा मूळ दोष उघडा पडला: बिटकॉइन एकदा गेले की परत येत नाहीत, पण पेपॅलवरून किंवा कार्डावरून दिलेले पैसे देणारा तक्रार करून परत मिळवू शकतो. बिटकॉइन घ्यायचे आणि मग पैसेही परत मागवायचे, ही लबाडी इतकी बोकाळली की जून २०११ मध्ये त्या बाजाराला पेपॅल बंद करावे लागले. पुढच्या पंधरा वर्षांतली नवख्यांसाठीची प्रत्येक मार्गदर्शिका या एका विषमतेभोवती फिरते. कोणती देयकपद्धत किती दिवसांत उलटवता येते, ही माहिती या धंद्यात भावाइतकीच मोलाची आहे.

पेपॅल बंद होत असतानाच ‘बिटकॉइन-ओटीसी’ हा गप्पांच्या खोलीत भरणारा बाजार जोरात होता, आणि माझ्या समजुतीप्रमाणे नवख्यासाठी लिहिलेल्या पानाला खरे वजन तिथे प्रथम आले. तिथे कोणीही कोणाचे पैसे धरून ठेवत नसे. प्रत्येकाची ओळख जीपीजी या सांकेतिक किल्लीवर बांधलेली, आणि व्यवहार झाला की एकमेकांना उणे दहा ते अधिक दहा यांतले गुण द्यायचे. हे सारे गुण मिळून विश्वासाचे एक जाळे तयार होई. समोरच्याला ज्यांनी गुण दिले त्यांना आपण ओळखतो का, हे पाहायचे, मग सौदा करायचा. पण हे जाळे वाचायला शिकवणार कोण? ते काम मार्गदर्शिकेचे होते. गुणांवर डोळे मिटून विसंबू नका, गुण कोणी दिले ते बघा, मोबदला उलटवता येणाऱ्या मार्गाने घेऊ नका, असे ती सांगे. छोटे छोटे प्रामाणिक सौदे करून गुण जमवायचे आणि मग एका मोठ्या सौद्यात पळ काढायचा, हा डाव गुणांच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. तो माहीत असावा लागतो, आणि माहीत असलेल्याने तो नवख्याला आधी सांगावा लागतो.

याच काळात टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्सचेंजने नेमका उलटा मार्ग दाखवला. तिथे नवख्याला काही शिकावेच लागत नसे. खाते उघडा, पैसे भरा, बटण दाबा. कोणे एके काळी जगातले बहुसंख्य बिटकॉइनचे सौदे याच एका जागी होत. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस तिने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचे सांगितले गेले. त्यांतले दोन लाख नंतर सापडले. सोपेपणाची किंमत काय असू शकते याचा हा धडा होता. तो ज्यांनी मनावर घेतला, त्यांनी मध्ये कोणाकडेही पैसे न ठेवता सौदा कसा करता येईल याचा शोध सुरू केला. पण मध्यस्थाला काढले की त्याच्या डोक्यात असलेले ज्ञान ग्राहकाच्या डोक्यात जायला हवे, ही गोष्ट या शोधकांना थोडी उशिराच उमगली असे मला वाटते.

हेलसिंकीत २०१२ साली सुरू झालेले लोकलबिटकॉइन्स या दोहोंच्या मधोमध उभे राहिले. विक्रेत्याची नाणी मंचाच्या ताब्यात अडकवून ठेवायची, खरेदीदाराने परस्पर पैसे द्यायचे, विक्रेत्याने पैसे पोचल्याचे मान्य केले की नाणी सुटायची. समोरासमोर भेटून रोखीने घेणेही चाले, आणि भेटायचे असेल तर वर्दळीच्या जागी भेटा हा सल्ला अशा व्यवहारांचा अविभाज्य भाग होता. पुढे त्या मंचावरच्या सूचना कायद्याच्या दबावाखाली बदलत गेल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात समोरासमोरचे रोख व्यवहार काढून टाकले गेले. त्याच वर्षी फिनलंडच्या नव्या कायद्याने ओळख पटवणे सक्तीचे झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मंचाने व्यापार थांबवला. त्याच्या चालू पद्धतीचे वर्णन करणारी जुनी पाने, चित्रफिती आणि लेख मात्र इतरत्र तसेच राहिले. बाजार बंद झाला तरी त्याचा रस्ता दाखवणाऱ्या पाट्या उभ्या राहतात, आणि त्या पाट्यांमागून चालणारा माणूस बनावट दुकानात जाऊन पोचतो.

बिस्कची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे हा प्रश्न सर्वांत टोकदार झाला. मानफ्रेड कारर याने ‘बिटस्क्वेअर’ या नावाने सुरू केलेला हा प्रकल्प एप्रिल २०१६ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव बिस्क झाले. ही कंपनी नाही. संगणकावर उतरवून घ्यायचा एक प्रोग्राम आहे. तो टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून थेट दुसऱ्या वापरकर्त्याच्या संगणकाशी बोलतो आणि मध्ये कोणाचाही सर्व्हर नसतो. आधीच्या रचनेत सौद्याची नाणी तीनपैकी दोन किल्ल्यांनी उघडणाऱ्या कुलपात जात: एक किल्ली खरेदीदाराची, एक विक्रेत्याची, एक लवादाची. दोघांनीही वर अनामत ठेवायची, म्हणजे मध्येच पळून जाणे परवडू नये. कल्पना चोख होती. पण त्यातून एक विचित्र अट जन्माला आली: बिटकॉइन विकत घ्यायला आलेल्या माणसाकडे अनामतीपुरते बिटकॉइन आधीपासून असायला हवेत. ज्याच्याकडे अजिबात नाहीत त्याच्यासाठीच जी मार्गदर्शिका लिहायची, तिचे पहिले वाक्य ‘आधी थोडे मिळवा’ असे. मित्राकडून घ्या, काम करून कमवा, नाहीतर बिटकॉइनच्या एटीएममधून काढा. हा दोष कोणत्याही लेखनकौशल्याने झाकता आला नसता. तो प्रामाणिकपणे मांडणे एवढेच लिहिणाऱ्याच्या हाती होते. जिथे तो मांडला गेला नाही तिथे नवखा अर्ध्या वाटेवरून परत गेला.

ऑक्टोबर २०१९ च्या १.२ या आवृत्तीने ही रचनाच बदलली. लवादाची तिसरी किल्ली काढून टाकली, कारण लवाद आणि एखादा व्यापारी संगनमत करून दुसऱ्याची नाणी लाटू शकत होते. आता कुलूप दोघांचेच. वाद झाला तर मध्यस्थ तोडगा सुचवणार. दोघांनी मानला तर ठीक. नाही मानला तर ठरावीक मुदतीनंतर, म्हणजे इतर क्रिप्टोनाण्यांच्या सौद्यात दहा आणि बँकेच्या पैशाच्या सौद्यात वीस दिवसांनी, सगळी रक्कम आधीच ठरवलेल्या एका पत्त्यावर जाणार, आणि मग लवाद योग्य त्या पक्षाला भरपाई देणार. याच आवृत्तीत बँक खात्यांना ‘सही’ देण्याची पद्धतही आली. चोरलेल्या बँक खात्यातून पैसे पाठवून नाणी पळवणाऱ्यांना आवर घालण्यासाठी नव्या खात्याला ०.०१ बिटकॉइनची मर्यादा घातली, आणि जुन्या विश्वासू विक्रेत्याशी सौदा पूर्ण करून महिना उलटला की ती मर्यादा सैल होऊ लागे. एका रात्रीत मार्गदर्शिकेतले ‘लवाद’, ‘अनामत’, ‘मर्यादा’, ‘मुदत’ असे सगळे शब्द नव्या अर्थाचे झाले. जुने पान वाचून आलेला माणूस वाद झाल्यावर लवादाने कुलूप उघडावे अशी मागणी करी, आणि लवादाकडे किल्लीच नसे.

या नव्या रचनेतच सहा महिन्यांनी छिद्र सापडले. एप्रिल २०२० मध्ये कोणीतरी मुदत संपल्यावरचा तो ठरलेला पत्ता आपल्या पत्त्याने बदलला आणि सुमारे तीन बिटकॉइन व मोनेरो या दुसऱ्या चलनाची चार हजार नाणी पळवली. नुकसान झालेले व्यापारी सात होते. व्यापार थांबवून दुरुस्ती केली गेली. इथे माझ्या युक्तिवादाविरुद्धचा पहिला आक्षेप उभा राहतो: हा दोष प्रोग्रामचा होता, कोणतेही पान वाचून त्या सात जणांचे पैसे वाचले नसते. खरे आहे, आणि ते मान्यच करायला हवे. मार्गदर्शिका ही सुरक्षेची जागा घेऊ शकत नाही. पण त्याच आक्षेपाची पुढची पायरी अशी की प्रोग्रामच चांगला लिहा, म्हणजे पानाची गरजच उरणार नाही. हे मला पटत नाही. या व्यापारातला निम्मा भाग प्रोग्रामच्या बाहेर, बँकेत, घडतो. प्रोग्राम खरेदीदाराला ‘पैसे पाठवले’ हे बटण दाखवू शकतो. पैसे त्याच्याच नावाच्या खात्यातून गेले की भावाच्या खात्यातून, हे त्याला दिसत नाही. दुसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे स्वीकारू नयेत, हा नियम जवळपास प्रत्येक पीटूपी मंचावर आहे, आणि तो मोडला की काय होते ते कळायला वापरकर्त्याला कारण समजलेले असावे लागते. बटणाला कारण सांगता येत नाही.

प्रोग्रामच्या बाहेरचे जग किती झपाट्याने बदलते याचे एक उदाहरण नेटवर्कच्या शुल्काचे. बिस्कच्या कुलपाच्या रचनेत एका सौद्याला बिटकॉइनच्या साखळीवर चार नोंदी लागतात: दोघांच्या शुल्काच्या दोन, अनामतीची एक, शेवटच्या वाटपाची एक. शुल्क नगण्य होते तोवर ‘छोट्या रकमेने सुरुवात करा’ हा सल्ला निर्दोष होता. डिसेंबर २०१७ मध्ये एका नोंदीचे सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या वर गेले आणि तोच सल्ला घातक ठरला. छोट्या सौद्यात रकमेपेक्षा शुल्कच जास्त जाऊ लागले. मे २०२३ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२४ मधल्या हाविंगच्या, म्हणजे नव्या नाण्यांचा मोबदला निम्मा होण्याच्या, दिवशी शुल्क असेच उसळले. पानावरचे एकही वाक्य चुकीचे लिहिलेले नव्हते, तरी पान चुकीचे झाले होते.

भारतात हीच गोष्ट कायद्याच्या अंगाने घडली. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांशी संबंध तोडायला सांगितले आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. रुपये घेऊन नाणी देण्याचा एक्सचेंजचा रस्ता बंद झाला. झेबपे या एक्सचेंजने त्याच वर्षी सप्टेंबरात भारतातला व्यापार थांबवला. मुंबईतल्या वझीरएक्ससारख्यांनी पीटूपी धरले: नाणी मंच धरून ठेवणार, रुपये मात्र एका ग्राहकाच्या खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात. आदल्या महिन्यापर्यंत ज्यांना पैसे भरणे आणि बटण दाबणे एवढेच ठाऊक होते, ते सारे अचानक विक्रेते आणि खरेदीदार झाले. २०११ मध्ये गप्पांच्या खोलीत शिकवले जाणारे धडे ठाण्या-पुण्याच्या नोकरदारांना २०१८ मध्ये नव्याने शिकावे लागले. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. १ जुलै २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरावर एक टक्का टीडीएस आला, आणि थेट सौद्यात तो कापण्याची जबाबदारी मुळात पैसे देणाऱ्यावर, म्हणजे खरेदीदारावर, पडते. मार्च २०२३ मध्ये हा व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आला. त्यात भर म्हणजे, फसवणुकीचे पैसे हातोहात फिरत एखाद्या विक्रेत्याच्या खात्यात आले की सायबर पोलिसांच्या पत्रावरून त्याचे खाते गोठते. नाणी विकून त्याने गुन्हा केलेला नसतो, तरी खाते सोडवण्यासाठी खेटे त्यालाच घालावे लागतात. २०१९ साली लिहिलेले उत्तम पान आजच्या भारतीय विक्रेत्याला यांतले काहीच सांगणार नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो हलका नाही. असा व्यापार सोपा करून सांगणे म्हणजे करचुकवे आणि चोर यांना वाट दाखवणे नव्हे काय? लोकलबिटकॉइन्सवरून नाणी विकणाऱ्यांवर अमेरिकेत खटले झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चोराला मार्गदर्शिका लागत नाही. त्याला आपले काम येते, आणि अज्ञानी माणूस समोर असणे हेच त्याचे भांडवल असते. २०१८ ते २०२० या काळात ज्या भारतीयांकडे कायदेशीररीत्या घेतलेली नाणी होती, त्यांना ती विकून रुपये करण्याचा हाताशी असलेला रस्ता हाच होता. त्यांना कर कसा भरायचा, पावत्या कशा जपायच्या, कोणाचे पैसे घ्यायचे नाहीत हे सांगणारे पान गुन्हेगारीला मदत करत नाही; ते नसेल तर गुन्हेगारीला मदत होते. माझी अट एवढीच की पानाने कायद्याची बाजू तळटीपेत ढकलू नये.

तिसरे म्हणणे असे की लिहायचे कशाला, जाणकारांना विचारावे, ते सांगतात. बिटकॉइन-ओटीसीच्या दिवसांत हे चालून जाई. आता गप्पांच्या गटात नवख्याने प्रश्न टाकला की ‘मदत कक्षा’चे नाव धारण केलेला ठक खासगी निरोप पाठवतो आणि नाण्यांचे पाकीट उघडणारे बारा गुप्त शब्द मागतो. विचारण्याची जागाच जिथे सर्वांत धोक्याची, तिथे आधी वाचायला मिळणारे खात्रीचे पान हे पहिले संरक्षण आहे.

मग अशी पाने शिळी का होतात? कंपनीच्या मंचावर ती कायदा विभाग आणि पगारी लेखक सांभाळतात. बिस्कमध्ये एप्रिल २०१९ पासून बीएसक्यू या टोकनावर चालणारी मतदानाची व्यवस्था आहे. साधारण महिनाभराच्या फेरीत कोणी काय काम केले ते मांडले जाते, मोबदल्यावर मत घेतले जाते, आणि मार्गदर्शिका लिहिणे हेही प्रोग्राम लिहिण्यासारखेच मोबदल्याला पात्र काम धरले जाते. हे मला या प्रकल्पाचे मोठे शहाणपण वाटते. तरीही अडचण उरते. पानातली खोट दिसते ती फक्त नवख्याला, आणि पहिला सौदा पार पडला की तो नवखा राहत नाही. दहाव्या सौद्यानंतर त्याला आठवतही नाही की अनामत म्हणजे शुल्क असे आपल्याला वाटले होते. जो लिहू शकतो त्याला दिसत नाही, ज्याला दिसते तो लिहीत नाही.

२०२४ मध्ये बिस्क २ सोबत ‘बिस्क ईझी’ आले ते या साऱ्या अनुभवाचे फळ म्हणावे लागेल. खरेदीदाराला अनामत नाही, आधी बिटकॉइन असण्याची अट नाही, कुलूपही नाही. खरेदीदार आधी पैसे पाठवतो आणि विक्रेत्याच्या लौकिकावर विसंबतो. सौद्याला सहाशे डॉलरची मर्यादा आहे, आणि विक्रेत्याचा भाव बाजारापेक्षा चढा असतो. एका अर्थाने हे २०११ च्या विश्वासाच्या जाळ्याकडे परत जाणे आहे. फरक असा की तेव्हा लौकिक गप्पा आणि छोट्या सौद्यांतून जमे. आता विक्रेत्याला बीएसक्यू टोकन कायमचे जाळून किंवा अडकवून ठेवून तो मिळवावा लागतो, म्हणजे पळून जाण्याला किंमत आहे. नवख्याच्या पानावरचे ‘आधी थोडे मिळवा’ हे वाक्य त्यामुळे अखेर पुसता आले, आणि ते पुसायला आठ वर्षे लागली. चढ्या भावाचे कारण मात्र नवीन पानाने स्पष्ट सांगायला हवे: तो भाव म्हणजे विक्रेत्याने ठेवलेल्या लौकिकाचे आणि त्याने पत्करलेल्या बँकेच्या जोखमीचे मोल आहे. हे न सांगितल्यास खरेदीदाराला आपण लुबाडले गेलो असे वाटेल आणि तो पुन्हा माउंट गॉक्ससारख्या कोणाच्या तरी दारात जाईल.

ज्यांनी अलीकडेच पहिला सौदा केला आहे, त्यांनी आठवडाभरात परत जाऊन आपण जिथे अडलो ते वाक्य दुरुस्त करावे किंवा निदान कळवावे. त्यांच्याइतके ते कोणालाच दिसणार नाही. आणि जे अजून करायचे आहेत, त्यांनी पान उघडल्यावर आधी ते कोणत्या आवृत्तीसाठी, कोणत्या देशासाठी आणि कोणत्या तारखेला लिहिले आहे ते पाहावे. या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर त्या पानाच्या भरवशावर पैसे पाठवू नयेत.